टक्कल पडलं, पण कशानं?

डिसेंबर 2024 सरता सरता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांची डोकी खाजायला लागली. कुणाला सोबत ताप, कुणाला उलट्या-जुलाब. मग कंगव्यात केस येऊ लागले, आणि तीन-चार दिवसांत नुसता हात लावला तरी मुठीत पुंजका. जानेवारीच्या मध्यापर्यंत हे लोण डझनभराहून अधिक गावांत गेलं होतं. त्यात कॉलेजात जाणाऱ्या मुली बऱ्याच. वर्ग बुडाले, ठरत आलेली लग्नं लांबली. वर्तमानपत्रांनी तोवर ‘टक्कल व्हायरस’ असं बारसंही उरकून टाकलं. व्हायरस म्हटलं की शेजारी चार हात लांब बसतो, याचा विचार मथळे देणाऱ्यांनी केला नसावा.

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि त्यात नवल नव्हतं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पसरला आहे. इथं काहीही दुखलं-खुपलं तरी बोट विहिरीकडेच जातं. नमुने तपासले तर क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेही. पण खारं पाणी इथल्या पिढ्या पीत आल्या, त्यांचे केस शाबूत होते. शाम्पू म्हणावं, तर तो न लावणाऱ्यांचेही केस गळत होते. बुरशी म्हणावं, तर ती घरोघर इतक्या झपाट्यानं फिरत नाही. आयसीएमआरची पथकं आली, रक्त, केस, पाणी, माती घेऊन गेली.

याच सुमारास डॉ. हिम्मतराव बावस्कर या गावांत आले. मूळ जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, वैद्यकीय शिक्षण नागपूरला, प्रॅक्टिस महाडला. विंचूदंशानं कोकणात पटापट माणसं मरत, तेव्हा रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वापरून त्यांनी ते मरण रोखलं. 2022 साली पद्मश्री मिळाली. त्याआधी, 2013 मध्ये, रुग्ण पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून आलेला कमिशनचा चेक त्यांनी परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रारही केली. कट प्रॅक्टिसवर हळहळणारे डॉक्टर पुष्कळ, तक्रारीखाली सही करणारे मोजके.

एवढ्या लोकांचे केस एकाच वेळी मुळापासून सुटतात, तेव्हा विषाची शंका घ्यावी लागते. आणि विष घरोघर पोचायला काहीतरी सामाईक लागतं. ते रेशनच्या पोत्यात असावं. बावस्करांनी गव्हाचे नमुने ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले, पदरचे पैसे घालून. बाधितांचं रक्त, लघवी, केसही तपासून घेतले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी आकडे जाहीर केले: सेलेनियम रक्तात नेहमीच्या 35 पट, लघवीत 60 पट, केसांत 150 पट. जस्त मात्र घटलेलं.

गव्हाचे आकडे त्याहून बोलके. न धुतलेल्या गव्हात किलोला 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम, धुतलेल्यात 13.61. म्हणजे धुऊन-निवडून काही साधणार नव्हतं. विष वरच्या धुळीत नव्हतंच. सेलेनियम हे गंधकाचं भावंड. जमिनीत ते जास्त असलं की रोप गंधक समजून ते शोषतं आणि दाण्यातल्या प्रथिनांत बसवतं. माणसाच्या शरीरातही तीच फसगत होते, आणि केस-नखांच्या केराटिनची वीण ढिली पडते. हिशेब घरीच करून पाहावा: शंभर ग्रॅम पिठाच्या तीन-चार पोळ्या, म्हणजे 1,450 मायक्रोग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं 55 च्या आसपास. 400 च्या पुढे धोका.

हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असं बावस्करांचं म्हणणं. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागात काही जमिनी सेलेनियमनं भरलेल्या आहेत, हे तिथले कृषिशास्त्रज्ञ कित्येक दशकांपासून सांगत आलेत. चीनच्या हुबेई प्रांतातही 1960 च्या दशकात गावंच्या गावं अशीच केस आणि नखं गमावून बसली होती.

सरकारी अहवालाची वाट न पाहता, मोजक्या नमुन्यांवर निष्कर्ष जाहीर करणं योग्य होतं का? वैद्यकीय नियतकालिकाचा संपादक नाक मुरडेल, आणि त्याचंही चुकत नाही. पण ज्या घरात तोच गहू रोज दळला जातोय, तिथं डॉक्टरनं थांबायचं कुणासाठी? मला तरी बावस्करांचं पटतं. तो गहू सोडलेल्यांपैकी काहींचे केस पाच-सहा आठवड्यांत परत उगवू लागले, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

एप्रिलमध्ये त्याच गावांतून बातमी आली, आता नखं गळताहेत. हुबेईचा दाखला माहीत असणाऱ्याला हे अनपेक्षित नव्हतं. सरकारी खरेदीच्या वेळी गव्हाचा ओलावा पाहतात, कचरा पाहतात, फुटके-आकसलेले दाणे वेगळे मोजतात. सेलेनियमचा रकाना त्या कागदावर नाही. आणि रेशनकार्डावर जगणाऱ्या घराला दुसरा गहू मागायची सोयही नाही.