सातचा हिशेब

सत्तरच्या दशकातले सूर : भाग ६

मागच्या भागात आपण इंग्लंडमधल्या किंग क्रिमसन, येस आणि जेनेसिस या बँडपर्यंत आलो होतो. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट त्यांना पुरेना. येसच्या ‘क्लोज टू द एज’ने तर १९७२ साली तबकडीची अख्खी एक बाजू व्यापली. गाणं असं लांबत गेलं तसा त्याचा तालही बदलत गेला. आज त्या तालाविषयी, आणि त्यातून म्युनिकच्या एका बँडपर्यंत पोचलेल्या बेळगावच्या एका घराण्याविषयी.

रॉक असो की पॉप, तिकडचं बहुतेक संगीत चारच्या मोजणीवर चालतं. पिंक फ्लॉइडने १९७३ साली ‘मनी’ हे गाणं सातच्या मोजणीत बांधलं आणि त्याचं मोठं कौतुक झालं. आजही रॉकमधल्या ‘अवघड’ तालांची गोष्ट निघाली की पहिलं नाव या गाण्याचं येतं. त्यात एक गंमत आहे. सॅक्सोफोनचा तुकडा सातमध्येच वाजतो, पण डेव्हिड गिल्मरची गिटार सुरू झाली की गाणं मुकाट्याने चारवर येतं. गिटारचं काम संपल्यावर पुन्हा सात. म्हणजे ज्यांनी सात रुजवला, त्यांनाही मोकळं वाजवायला चारच सोयीचे वाटले.

आता आपल्याकडे पाहा. ‘अनपढ’मधलं ‘आपकी नज़रों ने समझा’ हे गाणं १९६२ सालचं, म्हणजे ‘मनी’च्या अकरा वर्षं आधीचं. मदनमोहन यांनी ते रूपकात बांधलं आहे. रूपक म्हणजे सात मात्रा : तीं तीं ना, धी ना, धी ना. जळगावपासून दोंडाईचापर्यंत ते रेडिओवर वाजलं, लोकांनी गुणगुणलं, आणि त्याचा ताल अवघड आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. दहा मात्रांचा झपतालही आपल्या मैफलीत रोजचाच.

असं का व्हावं? तिकडचा वादक ताल कागदावरच्या रकान्यांत वाचतो आणि पायाने ठोके मोजतो. आपल्याकडे ताल आधी तोंडाने बोलला जातो. ‘तीं तीं ना’ म्हणताना सात आकडे मोजावे लागत नाहीत. तीन, दोन, दोन असे तुकडे जिभेवर आपोआप पडतात. तबल्याला हात लावण्याआधी शिष्य बोल पाठ करतो ते यासाठीच. कर्नाटक संगीतात या बोलण्याचंच स्वतंत्र शास्त्र झालं आहे. त्याला कोन्नकोल म्हणतात.

मात्र यावरून ‘आपण पुढे, ते मागे’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. त्यांच्यापुढची अडचण वेगळी होती. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजतात आणि त्या स्वरसमूहांना ठराविक वेळी जागा बदलावी लागते. सातच्या तालात ही जागा बदलणं आणि ऐकणाऱ्याला हिसका बसू न देणं, हे कसब त्यांनीच कमावलं. शिवाय विषम तालाची ओढ त्यांना फक्त भारतामुळे लागली असंही नाही. डेव्ह ब्रुबेक यांनी तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून नऊचा ताल ऐकला आणि १९५९ साली त्यावर ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’ ही रचना केली.

भारताकडून तालाचं गणित रीतसर शिकायला बसला तो जॉन मॅक्लॉफ्लिन. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा हा गिटारवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘बिचेस ब्रू’ या १९७० सालच्या गाजलेल्या तबकडीत वाजला. जॅझ आणि रॉक यांच्या मिलाफाला, म्हणजे फ्यूजनला, या तबकडीने वाट करून दिली. पुढच्याच वर्षी मॅक्लॉफ्लिनने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. ‘महाविष्णू’ हे नाव त्याला गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. वादक पाच देशांचे : ड्रमवर पनामात जन्मलेला बिली कॉबम, की-बोर्डवर चेक यान हॅमर, बासवर आयरिश रिक लेअर्ड, व्हायोलिनवर अमेरिकन जेरी गुडमन आणि गिटारवर स्वतः. पहिल्यांदा ऐकताना वरातीतला बँड आणि डीजे एकदमच सुरू झाल्यासारखं वाटतं. नीट कान दिला की आतला हिशेब दिसू लागतो. ‘बर्ड्स ऑफ फायर’ अठराच्या मोजणीत आहे, तर ‘द डान्स ऑफ माया’ दहाच्या गणितावर उभी आहे.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकला. मग विजेवरची गिटार बाजूला ठेवून त्याने ‘शक्ती’ हा संच उभा केला. तबल्यावर माहीमचे झाकिर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. त्यासाठी गिटारही खास घडवून घेतली. नेहमीच्या सहा तारांखाली सात तरफेच्या तारा तिरप्या बसवल्या आणि मींड घेता यावी म्हणून दांडीवर पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलं. संचाची पहिली तबकडी म्हणजे ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झालेला कार्यक्रम.

हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटकी घटम या दोन वेगळ्या पद्धती. त्यांत इंग्रज गिटारवादक सामील झाला, तर तिघांना बांधणारा धागा कोणता? मोजणी. तिहाईचं उदाहरण घ्या. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवट अचूक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. सोळा मात्रांच्या त्रितालात पाच मात्रांचा तुकडा समेपासून उचलला आणि दोन तुकड्यांमध्ये एकेक मात्रा मोकळी सोडली, तर पाच, एक, पाच, एक, पाच अशा सतरा मात्रा होतात. सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात या जागेवर ‘वाह’ म्हणणाऱ्या श्रोत्याला ‘शक्ती’ ऐकताना वाटाड्या लागणार नाही. मॅक्लॉफ्लिनसाठी मात्र ही नवी भाषा होती. ती त्याच्यात इतकी मुरली की २००७ साली त्याने विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वागणेश यांच्याबरोबर कोन्नकोल शिकवणारी डीव्हीडीच काढली.

हा झाला तिकडून इकडचा प्रवास. इकडून तिकडे गेलेल्यांत आपल्याला सगळ्यात जवळची कथा त्रिलोक गुर्टू यांची आहे. ‘उघड्या पुन्हा जहाल्या’ ऐकलेल्यांना त्यांच्या आईचा, शोभा गुर्टूंचा, आवाज ओळखीचा आहे. शोभाताईंचा जन्म १९२५ सालचा, बेळगावचा. आई मेनकाबाई शिरोडकर नृत्यांगना, आणि गाण्यात अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. ठुमरी-दादऱ्याच्या या घरात १९५१ साली मुंबईत त्रिलोक जन्मले. तबला शिकले, आणि तबकड्या ऐकून ड्रमही वाजवू लागले. एकाच वादकाची वाजवणी स्टुडिओत एकावर एक चढवून ध्वनिमुद्रण करता येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळं एकटाच माणूस एकाच वेळी वाजवतो आहे, असं समजून त्यांनी ते सारं दोन हातांत बसवायचा प्रयत्न केला. इतरांनी ज्या वाटेला जायचं धाडसही केलं नसतं, ती वाट अशी अज्ञानातून सापडली, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे.

युरोपात गेल्यावर ते ‘एम्ब्रियो’ला भेटले. ख्रिश्चन बुर्खार्ड यांनी १९६९ साली म्युनिकमध्ये काढलेला हा बँड जर्मन प्रयोगशील रॉकमधला बिनीचा. त्यांच्या १९७७ च्या ‘आपो-कॅलिप्सो’ या तबकडीत त्रिलोक वाजले आणि शोभाताई गायल्या! बेळगावची ठुमरी गायिका जर्मन रॉक बँडच्या तबकडीवर, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे अमेरिकन ‘ऑरेगन’ संचातले कॉलिन वॉलकॉट १९८४ साली अपघातात गेले. रविशंकर यांच्याकडे सतार आणि अल्लारखाँकडे तबला शिकलेल्या या वादकाची जागा त्रिलोकनी घेतली. १९८८ साली आलेल्या त्यांच्या स्वतःच्या पहिल्या ‘उसफ्रेत’ या तबकडीतही आई गायल्या आहेत. त्यांची बैठकही बघण्यासारखी. ड्रमच्या मागे स्टुलावर न बसता ते जमिनीलगत बसतात, पुढ्यात तबला, झांजा, शिवाय पाण्याची बादली. वाजती घंटा पाण्यात बुडवली की तिचा स्वर वाकतो. त्या वाकण्याची मींड करून घ्यायची.

या प्रवासाचा धागा आजही तुटलेला नाही. चेंबूरमध्ये वाढलेले, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले आणि ‘कट्यार काळजात घुसली’मुळे घरोघरी पोचलेले शंकर महादेवन ‘शक्ती’च्या नव्या संचात गायले. या संचाच्या ‘धिस मोमेंट’ला २०२४ साली ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकिरभाई गेले.

सत्तरच्या दशकातल्या अनेक बँडनी भारताकडून सतारीचा एखादा झंकार उचलला आणि तो दोन-तीन वर्षांत जुना झाला. ज्यांनी मोजणी शिकून घेतली, त्यांचं संगीत आजही ताजं लागतं, कारण त्यांनी बाहेरून रंग न देता आतली बांधणीच बदलली.

या आठवड्यात एवढं करा : ‘मनी’ लावा आणि मांडीवर रूपक धरा. बोल तोंडाने म्हणत राहा. गिटारच्या जागी तुमचा रूपक सुटेल. तो तिथे सुटायलाच हवा. नाही सुटला, तर मोजणी पुन्हा तपासा.

पुढच्या भागात : मुंबईच्या रंगभवनात १९७८ साली सुरू झालेली ‘जॅझ यात्रा’, आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस.