शिकतं घर (लेखांक ९) : पडदा पडल्यावरचा अभ्यास

मागच्या लेखांकात झोपताना सांगायच्या गोष्टींबद्दल लिहिलं होतं. आज त्याच्या पुढचं पाऊल, पोरांना घेऊन नाटकाला जाणं.

बालनाट्याचा दौरा साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात किंवा सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात आला, की आईबाप हौसेनं तिकिटं काढतात. आणि नाटक सुटून गाडीला किक मारायच्या आत विचारतात, ‘काय रे, काय शिकलास?’ मघापर्यंत खुर्चीवर उभं राहून ओरडणारं पोर गप्प होतं. नाटकाची परीक्षा झाली, हे त्याला बरोबर कळतं.

खरं तर नाट्यगृहात मूल फक्त ऐवज गोळा करतं. शिकणं होतं ते पुढच्या आठ-दहा दिवसांत, घरी, ते नाटक पुन्हा खेळताना. ते कसं खेळावं, याचा उत्तम नमुना सांगलीतच आहे.

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगलं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन झाला तो त्यामुळंच. या खेळाची रीत बघा. सूत्रधार पदं म्हणून कथा पुढं न्यायचा. पात्रांना मात्र पाठ करायला लिखित संवाद नसत. प्रसंग ठाऊक असे, बोलणं ज्याचं त्यानं रचायचं. राक्षस तर आरडाओरडा करतच येत. पुढं अशा नाटकांना लोक चेष्टेनं ‘अलल्लडुर्र’ म्हणू लागले.

घरी हेच करायचं. आईनं किंवा आजोबांनी सूत्रधार व्हावं : ‘मग राक्षस गुहेतून बाहेर आला.’ एवढंच म्हणून थांबावं. पुढचं पोराला बोलू द्यावं. माझ्या भाचीची पाच वर्षांची मुलगी ‘अलबत्या गलबत्या’ बघून आली, तेव्हा कथेबद्दल चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र टॉवेल डोक्याला गुंडाळून, बोटांना भेंडीची टोकं लावून चेटकीण झाली आणि आजीला दरडावू लागली, ‘ए म्हातारे, हिकडं ये की!’ रत्नाकर मतकरींच्या नाटकातली चेटकीण अशी बोलत नाही. पण तिनं पात्र ओळखलं, त्याचा आवाज ठरवला, वाक्य स्वतः रचलं. ‘हिकडं नाही, इकडं म्हण’ असं तिला कुणी टोकलं नाही, हे फार बरं झालं. खेळ घरच्या बोलीतच रंगतो. जतकडच्या घरांत तो कानडीत रंगला, तर त्यातही बिघडत नाही. मराठी नाटकाची प्रेरणा कर्नाटकातूनच आली होती.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी मुलांच्या अशा खेळाला फार महत्त्व दिलं. काठी घोडा होते, तेव्हा एका वस्तूनं दुसरीची जागा घेतलेली असते. कागदावरची रेघ म्हणजे ‘क’ हे मान्य करण्याची तयारी तिथंच होते. म्हणून भेंडीच्या नखांना वेळेचा अपव्यय समजू नका.

लिहिणं-मोजणंही यात आपसूक येतं. नाट्यगृहात रांगेचं अक्षर आणि खुर्चीचा आकडा पोरालाच शोधू द्या. घरच्या खेळाची तिकिटं त्यालाच करू द्या : नाटकाचं नाव, वेळ, दर दोन रुपये. पाच जण आले तर गल्ला किती, हे बोटांवर मोजू द्या. नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी तिकीट चालवून घ्या.

जाण्यापूर्वीची तयारी थोडीच. लहानग्यांना कथा आधी सांगून ठेवावी. त्यानं मजा जात नाही, उलट ‘आता चेटकीण येणार’ याची वाट बघण्यात मजा वाढते. तिसऱ्या घंटेनंतर अंधार होतो, हेही सांगावं. ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीचं काम दिलीप प्रभावळकरांनी केलं, नंतर वैभव मांगले यांनी. लुगड्याआड एक काका आहेत हे कळलं, की भीती निम्मी होते. खुर्ची कडेची घ्यावी. पोर घाबरलं तर हट्टानं बसवून ठेवू नये.

नाट्यगृह लांब आहे, तिकीट परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण सोंगं, भारूड, शाळेचं स्नेहसंमेलन गावात होतंच. काळू-बाळूंचा तमाशा ज्या कवलापूरचा, ते गाव सांगलीजवळच आहे. जत्रेतल्या बतावणीतला हजरजबाबीपणा पोरांनी नुसता ऐकला, तरी बोलण्याला धार येते. मजकूर वयाला साजेसा आहे ना, एवढं मात्र आधी बघावं.

तेव्हा या आठवड्यात एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवा, एक चादर दोरीवर टाका आणि सूत्रधार व्हा. तात्पर्य विचारू नका. ‘मग पुढं काय झालं?’ एवढाच प्रश्न पुरे.

(पुढच्या लेखांकात : बाजारहाट आणि पहिलं गणित)