परदेशी जाताना मानसिक आजाराची औषधे: निघण्याआधी आणि पोहोचल्यावर काय करावे?

जून-जुलै आला की माझ्या दवाखान्यात परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींची वर्दळ वाढते. कुणाला लसीकरणाचा दाखला हवा असतो, कुणाला फिटनेस सर्टिफिकेट. सोबत आई किंवा बाबा असतात आणि बॅगेत काय काय भरले याची यादी मला न विचारताच ऐकायला मिळते. त्यात प्रेशर कुकर असतो, मेतकूट असते, ताप-सर्दीच्या गोळ्या असतात. डिप्रेशनची गोळी मात्र त्या यादीत क्वचितच असते. ती रोज चालू असली तरीही.

दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा जर्मनीला एम.एस. करायला गेला (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). नैराश्यासाठी त्याला व्हेन्लाफॅक्सिन चालू होते आणि त्यावर तो छान स्थिरावला होता. दोन महिन्यांच्या गोळ्या त्याने स्ट्रिपमधून काढून एका डबीत भरून नेल्या. गोळ्या संपत आल्या तेव्हा तिथे डॉक्टर कसा शोधायचा हे ठाऊक नव्हते. ‘आता मी बराच आहे’ असे ठरवून त्याने औषध सोडून दिले. दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटू लागले. त्याला वाटले, मेंदूचाच काहीतरी आजार झाला. पुढच्या काही आठवड्यांत झोप गेली, तासांना जाणे थांबले आणि आईशी बोलताना तो कॅमेरा बंद ठेवू लागला. शेवटी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राने त्याला जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे पाठवले. मी इथून इंग्रजीत पत्र पाठवल्यावर त्या डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा सुरू केले. पहिल्या आठवड्यात होऊ शकले असते ते काम चौथ्या महिन्यात झाले. मधले एक सत्र वाया गेले.

हे टाळता येते. त्यासाठी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी तयारीला लागावे लागते.

औषध एकदम बंद का करू नये?

नैराश्य आणि चिंतेवरच्या बऱ्याच औषधांची शरीराला सवय झालेली असते. ती अचानक थांबवली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि विजेच्या झटक्यासारख्या संवेदना होऊ शकतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या औषधांत हा त्रास जास्त दिसतो. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे दीर्घकाळ घेऊन अचानक सोडली तर फिट येण्याचाही धोका असतो. बायपोलर आजारात लिथियम एकदम बंद केल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते.

नवा देश, नवी भाषा, एकटेपणा, अपुरी झोप आणि पैशांची चिंता हे सगळे एकाच वेळी अंगावर येते. औषध कमी करण्याचा प्रयोग करायला ही सर्वांत वाईट वेळ आहे. औषध कमी करायचेच असेल तर ते निघण्याच्या बरेच आधी, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावे किंवा तिकडे नीट स्थिरावल्यानंतर करावे.

निघण्याआधी: मानसोपचारतज्ज्ञांना काय विचारावे?

१. माझे औषध त्या देशात मिळते का? भारतात एका गोळीत दोन औषधे एकत्र करून देण्याची पद्धत बरीच आहे. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम यांची एकत्र गोळी इथे सर्रास लिहून दिली जाते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये अशी गोळी मिळत नाही. एटिझोलाम भारतात डॉक्टर लिहून देतात, पण अमेरिकेत ते औषध म्हणून मान्यताप्राप्त नाही आणि ब्रिटनमध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अॅमिसल्प्राइडच्या गोळ्या ब्रिटनमध्ये मिळतात, अमेरिकेत मिळत नाहीत. अशा वेळी पर्यायी औषध इथेच सुरू करून किमान काही आठवडे ते मानवते का हे पाहता येते.

२. कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात? लिथियम चालू असेल तर रक्तातील लिथियमची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉईडच्या तपासण्या करून घ्या. क्लोझापिन चालू असेल तर पांढऱ्या पेशींचे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट सोबत हवेत, कारण ते पाहिल्याशिवाय तिथले डॉक्टर हे औषध देणार नाहीत.

३. तिथले नियम वेगळे आहेत का? व्हॅल्प्रोएट हे याचे ठळक उदाहरण आहे. गर्भावर होणाऱ्या गंभीर परिणामांमुळे ब्रिटनमध्ये या औषधावर कडक बंधने आहेत. जानेवारी २०२४ पासून तिथे ५५ वर्षांखालील कुणालाही, स्त्री असो वा पुरुष, दोन तज्ज्ञांच्या संमतीशिवाय ते नव्याने सुरू करता येत नाही. तरुण मुलीला ते आधीपासून चालू असेल तर त्याची चर्चा इथेच उघडपणे करा.

सोबत कोणती कागदपत्रे हवीत?

भारतातली चिठ्ठी दाखवून परदेशातल्या औषध दुकानातून औषध मिळेल असे गृहीत धरू नका. साधारणपणे तिथल्या डॉक्टरचीच चिठ्ठी लागते. मात्र इथले कागद तिथल्या डॉक्टरांसाठी फार मोलाचे असतात. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह आणि नोंदणी क्रमांकासह एक पत्र घ्या. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

- पासपोर्टवर आहे तसेच तुमचे नाव आणि जन्मतारीख
- आजाराचे निदान आणि उपचार कधी सुरू झाले
- औषधाचे मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा
- सोबत नेत असलेल्या गोळ्यांची एकूण संख्या
- आधी कोणती औषधे लागू पडली नाहीत किंवा सोसली नाहीत
- अॅलर्जी, इतर आजार आणि ताज्या तपासण्या

जेनेरिक नावाचा मी आग्रह धरतो, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. एस्सिटॅलोप्राम भारतात नेक्सिटो या नावाने मिळते, अमेरिकेत लेक्साप्रो म्हणून आणि ब्रिटनमध्ये सिप्रालेक्स म्हणून. आपला ब्रँड तिथल्या डॉक्टरांनी कधी ऐकलेलाच नसतो.

जुने कागद हरवले असतील तर रुग्णालयाकडे मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे. सगळ्याचे फोटो काढून ईमेलवरही ठेवा.

किती गोळ्या नेता येतात?

नियम बदलत असतात. तिकीट काढल्यावर त्या देशाच्या दूतावासाचे किंवा सीमाशुल्क विभागाचे संकेतस्थळ एकदा पाहाच. ढोबळ चित्र असे आहे:

- अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया: साध्या औषधांचा स्वतःपुरता साधारण तीन महिन्यांचा साठा नेता येतो.
- ब्रिटन: नियंत्रित यादीतील औषधासोबत डॉक्टरांचे पत्र हवे. साठा तीन महिने किंवा त्याहून जास्त असेल तर परवाना लागतो.
- जर्मनी: साधी औषधे स्वतःच्या गरजेपुरती नेता येतात. अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणाऱ्या औषधांसाठी ३० दिवसांची मर्यादा आणि डॉक्टरांचा दाखला लागतो.
- जपान: डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरती. त्याहून जास्त हवी असतील तर आधी आयात परवानगी काढावी लागते. एडीएचडीसाठी काही देशांत दिले जाणारे अॅम्फेटामाइन मात्र डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी जपानमध्ये नेता येत नाही.
- संयुक्त अरब अमिरात: क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, मिथाइलफेनिडेट अशा नियंत्रित औषधांसाठी तिथली सरकारी ऑनलाइन परवानगी आधीच घ्यावी. दुबईत नुसते विमान बदलायचे असले तरी नियम वाचून ठेवा.

एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशी नैराश्यावरची नेहमीची औषधे बहुतेक देशांत नियंत्रित यादीत नसतात. अडचण प्रामुख्याने झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या ‘पाम-लाम’ गोळ्या आणि एडीएचडीच्या औषधांबाबत येते.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, बिलासह आणि हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तरी औषध चुकता कामा नये. कस्टम्समध्ये विचारले तर पत्र दाखवा आणि खरे सांगा. व्हिसा किंवा विम्याच्या अर्जात आजाराबद्दल थेट प्रश्न असेल तर तिथेही खरेच लिहा. लपवलेली गोष्ट नंतर उघड झाली तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो.

प्रवास, वेळ आणि झोप

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे असते. दिवसातून एकदाच घेण्याची गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. वेळ थोडी पुढे-मागे झाली तरी बहुतेक औषधांत बिघडत नाही, पण गोंधळून दुप्पट मात्रा घेऊ नका. बायपोलर आजार असणाऱ्यांनी झोपेची जास्त काळजी घ्यावी, कारण सलग जागरणाने उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो.

लिथियम घेणाऱ्यांनी भरपूर पाणी प्यावे, मीठ अचानक कमी करू नये आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आखाती देशांतल्या उन्हात काम करणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे किंवा गोंधळल्यासारखे होणे ही लिथियम वाढल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठावे.

पोहोचल्यावर: गोळ्या संपेपर्यंत थांबू नका

पहिल्या दोन आठवड्यांत बँक खाते आणि सिम कार्ड काढता, तसेच डॉक्टरकडे नावही नोंदवा. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळायला कित्येक देशांत आठवडे, कधी महिने लागतात. चांगली गोष्ट अशी की चालू असलेले नैराश्याचे औषध बऱ्याचदा फॅमिली डॉक्टरही पुढे लिहून देऊ शकतात.

- ब्रिटन: व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे जवळच्या जी.पी.कडे नोंदणी करा. इंग्लंडमध्ये समुपदेशनासाठी ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’कडे स्वतःहून अर्ज करता येतो.
- जर्मनी: आधी हाउसआर्ट्झ म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा. तज्ज्ञांची वेळ मिळत नसेल तर ११६११७ या क्रमांकावर मदत मिळते.
- अमेरिका: विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. विमा घेताना मानसिक आजार आणि आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचून मगच सही करा.

इथल्या डॉक्टरांना व्हिडिओवर भेटत राहू, असे अनेकांना वाटते. धीर देण्यासाठी आणि माहिती देण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पण भारताची २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाहीत आणि त्या चिठ्ठीवर तिथे औषध मिळेलच असे नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

‘कुणी जाणारे असेल तर त्याच्यासोबत गोळ्या पाठवू का?’ हा प्रश्न मला आईवडील नेहमी विचारतात. पाठवू नका. दुसऱ्याच्या नावाची नियंत्रित औषधे बॅगेत सापडली तर नेणाराच अडचणीत येतो. कुरिअरनेही नको. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषधे मागवायला खाजगी व्यक्तींना मनाई आहे आणि पार्सल कस्टम्समध्येच अडकते.

‘तिकडे गेलास की ही गोळी सोडून दे’ असे मुलाला सांगू नका. रक्तदाबाच्या गोळीबद्दल आपण असे म्हणत नाही. फोनवर ‘जेवलास का?’ विचारताना ‘गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?’ हेही तितक्याच सहजपणे विचारा. जर्मनी, कॅनडा, ब्रिटन इथे हिवाळ्यात दिवस फार लहान असतो. नोव्हेंबरनंतर मूल गप्प होत चालले, झोप उलटीपालटी झाली, फोन टाळू लागले तर ‘अभ्यासाचा ताण असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

जगण्यात अर्थ नाही असे वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील किंवा भास होत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. अमेरिका आणि कॅनडात ९८८, इंग्लंडमध्ये १११ लावून पर्याय २ आणि जिवाला धोका असेल तर ९९९, युरोपीय संघातील देशांत तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. भारतातल्या कुटुंबीयांना स्वतःसाठी सल्ला हवा असेल तर टेलि-मानस १४४१६ वर मराठीतही बोलता येते. आपल्या मुलाच्या देशातला क्रमांक, त्याच्या रूममेटचा नंबर आणि विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा.

तो जर्मनीतला मुलगा मागच्या दिवाळीत घरी आला होता. दवाखान्यात येऊन त्याने तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. औषध चालू आहे, पदवी पूर्ण होत आली आहे. जाताना म्हणाला, “डॉक्टर, माझा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी येतोय तिकडे. त्याला अजून कसली गोळी नाही. पण मी त्याला आधीच सांगून ठेवलंय, गेल्या गेल्या डॉक्टरकडे नाव नोंदव.”

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.)