इंजिन खोलण्यापूर्वी एवढे तपासा



दसरा जवळ आला की तोडणी-वाहतुकीचे ट्रॅक्टर गॅरेजपुढे रांगेने उभे राहतात. त्यातले नेहमीचे दुखणे असे : रेस केला की ट्रॅक्टर ठीक चालतो, पण स्लोवर सोडला की इंजिन थरथरते, मिसिंग मारते, मध्येच बंद पडते. मग कोणीतरी सांगतो, "रिंगा गेल्या, इंजिन खोला." एकदा खोलले की रिंगा, लायनर, बेअरिंगे असा खर्च वाढत जातो. वाहतुकीची उचल गॅरेजातच संपते आणि पुढे बिलातून कापून जाते.

ऊस विकास खात्याला इंजिनाची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण भरलेली ट्रॉली वाटेत उभी राहिली, की तोडलेला ऊस उन्हात वाळतो. वजनही घटते आणि उताराही. नुकसान आपलेच आहे.

दोष स्लोवरच का दिसतो?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाऊन तापते आणि तिच्यात नोझलमधून डिझेलचा फवारा उडाला की पेट घेतो. म्हणजे मुख्य गोष्टी तीन : हवा, डिझेल आणि दाब. स्लोवर दर वेळी अगदी थोडे डिझेल जाते. एखाद्या सिलिंडरला जरा कमी पडले तरी ठोका चुकतो. रेसमध्ये तोच दोष फ्लायव्हीलच्या जोरावर झाकला जातो. यातली हवा व डिझेल बाहेरून तपासता येते. दाबाची भानगड मात्र आतली. म्हणून तपासणीही बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे करावी.

आधी नुसते बघा आणि ऐका

१) थरथर थंड इंजिनाला आहे की गरम झाल्यावरही? सकाळी पहिली काही मिनिटे थोडा पांढरा धूर येऊन थांबत असेल, तर घाबरू नये.

२) आवाज वर-खाली होत असेल, तर बहुधा डिझेलमध्ये हवा शिरते किंवा पुरवठा तुटक होतो. ठरावीक लयीत ठोका चुकत असेल, तर एखादाच सिलिंडर आळशी आहे.

३) काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर डिझेल न जळता जाते किंवा पाणी आत येते.

४) कधीपासून? डिझेल भरल्यापासून की फिल्टर बदलल्यापासून? या एका प्रश्नात पुष्कळदा निम्मे उत्तर असते.

मग क्रमाने तपासा

हवा : एअर क्लीनर उघडा. पाचटाचा भुगा आणि रस्त्याची धूळ तिथे साचते. ऑइलचा क्लीनर असेल, तर वाटीतला गाळ काढून खुणेपर्यंत नवे ऑइल भरा.

डिझेल : टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले नाही ना ते पहा. गाळाच्या वाटीत पाणी दिसले तर काढून टाका. फिल्टर मुदत संपल्यावर फुंकून वापरू नका, बदला. नळ्यांचे सांधे आणि तांब्याचे वायसर पहा. झिजलेल्या वायसरातून डिझेल बाहेर न गळताही हवा आत ओढली जाते. नंतर फिल्टरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा. पुष्कळ इंजिने इथेच सुधारतात.

कोणता सिलिंडर? जुन्या पद्धतीच्या पंपाच्या ट्रॅक्टरात मिस्त्री स्लोवर एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करून पाहतात. आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा. २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासून आलेल्या कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग मुळीच करू नये. त्याची तपासणी कंपनीच्या यंत्रावरच व्हावी.

नोझल : संशयित नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पहावे. वायसर मात्र नवे घालावे. दोष नोझलबरोबर सरकला, तर नोझलच खराब. टेस्टरवर फवारा तपासून घ्या. दोष जागीच राहिला, तर पंप, टॅपेट किंवा दाब पहायचा. टॅपेटची फट पुस्तिकेप्रमाणे लावावी. पंपाचे सील कोणालाही फोडू देऊ नये.

स्लोची सेटिंग : बहुतेक ट्रॅक्टरांचा स्लो मिनिटाला ६०० ते ८५० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. तो पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा कमी लावला असेल, तर चांगले इंजिनही थरथरते. मात्र वरचे दोष काढण्याआधी स्लो वाढवून ठेवणे म्हणजे दुखणे झाकणे.

खोलायचे केव्हा?

एवढे करूनही ठोका चुकत असेल, तर गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्या आणि आकडे लिहून घ्या. एखाद्याचा दाब फारच कमी, ब्रीदरमधून जोराचा धूर, ऑइल सारखे कमी होणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे, अशी लक्षणे असतील, तर खोलण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा टाळाटाळ करू नये. ऑइल दुधाळ झाले असेल, तर इंजिन चालूच करू नये.

मागील एका हंगामापूर्वी आमच्या गटातील एका सभासदांना निम्मे इंजिन बांधायचा सल्ला मिळाला होता. वरच्या क्रमाने पाहिले, तेव्हा फिल्टरच्या नळीचे एक वायसर झिजलेले निघाले. ते बदलले, हवा काढली आणि तो ट्रॅक्टर पूर्ण हंगाम चालला. प्रत्येकाचे असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. पण वायसरची किंमत आणि इंजिन बांधणीची किंमत यांतले अंतर प्रत्येकाला ठाऊक आहे.

तरी वाहतूकदार सभासदांनी ही तपासणी मोळी पडण्याच्या आदल्या दिवशी न करता महिनाभर आधी करावी. काय पाहिले आणि काय आढळले ते कागदावर लिहून मगच गॅरेजला जावे. "इंजिन खोला" असे कोणी म्हटले, तर "दाब किती आला?" एवढे जरूर विचारावे.

— ऊस विकास अधिकारी