शाळेची परसबाग आणि ताटातली भाजी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शालेय परसबाग म्हणजे शाळेच्या आवारातील मोकळ्या जागेत किंवा कुंपणाच्या कडेने विद्यार्थ्यांच्या सहभागाने वाढविलेला भाजीपाला आणि मोजकी फळझाडे होत. केंद्र शासनाच्या तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पुढे मध्यान्ह भोजन योजनेचे २०२१ मध्ये ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे नामांतर झाल्यावरही हा उपक्रम तिचा भाग राहिला. लातूर जिल्ह्यातील चाकूरसारख्या तालुक्यात, जेथे शिवारभर सोयाबीन, तूर आणि हरभरा दिसतो पण भाजीसाठी अनेक घरांना आठवडी बाजाराची वाट पाहावी लागते, तेथे या बागेचे मोल अधिक आहे. म्हणूनच तिच्याभोवतीचे गैरसमज दूर होणे आवश्यक आहे.

पहिला गैरसमज असा, की परसबाग ही शाळेच्या खिचडीला लागणारी भाजी फुकट मिळविण्याची सोय आहे. योजनेच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्याला रोजच्या जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळावयास हवे, आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत अशी अपेक्षा आहे. शंभर पटाच्या शाळेला या हिशेबाने रोज पाच किलो, म्हणजे दोनशे दिवसांत एक टन भाजी लागते. मुलांच्या हातांनी पिकविलेल्या गुंठाभर बागेकडून एवढी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, कारण हंगामाच्या भरात तिच्यातून आठवड्याला एक-दोन दिवसांची भाजी निघाली तरी ती बाग उत्तम चालली असे म्हणावे लागते. बाग आहे म्हणून भाजी विकत घेणे थांबविणाऱ्या शाळेत मुलांच्या ताटातील भाजी वाढण्याऐवजी घटते. बागेचे उत्पन्न निकषातील भाजीच्या जागी नव्हे, तर तिच्यावर भर म्हणून यावे.

याहून खोल रुजलेला गैरसमज म्हणजे बाग लावली की मुले आपोआप भाज्या खाऊ लागतात. या प्रश्नावर जगात बरेच संशोधन झाले असून त्याचा कौल स्पष्ट आहे. लंडनच्या प्राथमिक शाळांतील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ बागकामामुळे मुलांच्या रोजच्या फळे-भाज्यांच्या सेवनात वाढ झाल्याचा पुरावा फारसा आढळला नाही. मात्र ज्या शाळांनी बाग आपल्या एकूण शिक्षणात मुरवली, तेथे मुले रोज सरासरी सुमारे ८० ग्रॅम फळे-भाज्या जास्त खात असल्याचे दिसले. अमेरिकेत टेक्सास राज्यातील १६ प्राथमिक शाळांत बागेला पोषणाचे धडे आणि प्रत्यक्ष स्वयंपाक यांची जोड दिली गेली, तेव्हा भाज्यांचे सेवन वाढले, पण लठ्ठपणा किंवा रक्तदाब यांत फरक पडला नाही. नेपाळमधील अभ्यासात शाळेच्या बागेने मुलांचे ज्ञान वाढविले, तरी खाण्यात बदल दिसला तो शाळेच्या बागेला घरच्या परसबागेची जोड मिळाल्यावरच. या तिन्ही अनुभवांतून निष्पन्न होते ते एवढेच, की वाफा आणि ताट यांच्यामधील अंतर शिक्षक, शाळेतील स्वयंपाकी ताई आणि आई-वडील यांनीच भरून काढायचे असते. बाग त्यांना निमित्त पुरविते, आणि हे निमित्त फार मोलाचे आहे.

‘मुलांना भाज्या आवडतच नाहीत’ हे विधान तर इतक्या सहज केले जाते, की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. अनोळखी पदार्थ नाकारण्याच्या वृत्तीला आहारशास्त्रात नवअन्नभय म्हणतात. ती साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात तीव्र असते, पुढे ओसरत जाते, आणि एखादी भाजी कोणतीही जबरदस्ती न करता थोडी थोडी आठ-दहा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा चाखावयास दिली, तर अनेक मुले ती स्वीकारतात. चाकूर परिसराला याचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत साजरी होणारी वेळ अमावस्या, म्हणजे बोलीतील येळवस, हा सण शेतात होतो आणि त्या दिवशी पालेभाज्या, तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे आणि बेसन यांची भज्जी बाजरीच्या उंड्यांबरोबर आणि आंबिलीबरोबर खाल्ली जाते. एरवी पालेभाजी बाजूला सारणारी मुलेही त्या दिवशी भज्जी मागून घेतात, कारण ती आपल्या शिवारातली असते, ती निवडताना त्यांचे हात लागलेले असतात आणि घरची मोठी माणसे तीच आवडीने खात असतात. ताजेपणा, सहभाग आणि सोबत या तीन गोष्टी शाळेच्या बागेतून वर्षभर साधता येतात. हिवाळ्यात मुलांनीच खुडलेल्या मेथी, चुका आणि पालकाची भज्जी शाळेच्या स्वयंपाकघरात शिजली, तर पोषणाचा तो सर्वांत परिणामकारक पाठ ठरेल.

मराठवाड्यात पाण्याविना बाग कशी, ही शंका मात्र रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि त्या टंचाईची आठवण पुसलेली नाही. तरीही शाळेचे वर्ष आणि भाजीचा हंगाम यांचा मेळ येथे चांगला बसतो, कारण शाळा जूनमध्ये पावसाबरोबर उघडते, भाजीसाठी उत्तम असलेला हिवाळा सत्राच्या मध्यावर येतो आणि कडक उन्हाळ्यात, पाणी सर्वांत दुर्मीळ असताना, सुट्टी असते. हिवाळ्यात एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला साधारण तीन ते चार लिटर पाणी पुरते. शंभर मुलांनी हात-ताट धुण्यास प्रत्येकी एक लिटर पाणी वापरले, तर त्या शंभर लिटरवर सुमारे पंचवीस चौरस मीटर, म्हणजे एक मीटर रुंद आणि सहा मीटर लांब असे चार वाफे, जगू शकतात. हे सांडपाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून मुळांशी सोडावे, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर ते पडू देऊ नये. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वाफे जमिनीपेक्षा थोडे उंच ठेवणे इष्ट. उन्हाळ्यात बाग मोकळी राहिली तर ते अपयश नव्हे. शेवगा आणि कढीपत्ता तग धरतात, तेवढे पुरे.

शेवग्याविषयी मात्र एक सावधगिरी हवी. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथजवळचे बेट वनौषधींसाठी ओळखले जाते आणि झाडपाल्याच्या गुणांवर या भागातील लोकांची श्रद्धा आहे. पण शेवग्याची पाने कितीही पोषक असली तरी ती रक्तक्षयावरचे औषध नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता. हीच पिढी आज प्राथमिक वर्गांत आहे, आणि तिच्यासाठी लोहाच्या गोळ्या व जंतनाशक यांची जागा कोणतीही भाजी घेऊ शकत नाही. पालेभाजीतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते, परंतु जेवणात लिंबाची फोड असली तर क जीवनसत्त्वामुळे ते शोषण वाढते. म्हणून बागेच्या कोपऱ्यात लिंबाचे एक झाड असणे हा अगदी व्यवहार्य विचार आहे.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समजही असाच फसवा आहे. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्यास पाच किलो निंबोळीचा अर्क, शाळेसाठी पुरेसा ठरतो. परंतु दशपर्णी अर्कात कण्हेर व धोतरा यांसारख्या विषारी वनस्पती वापरल्या जातात, त्यामुळे तो मुलांच्या हातून किंवा शाळेच्या स्वयंपाकघराजवळ मुळीच तयार करू नये. शाळेला लागून सोयाबीनचे शेत असेल, तर तेथील फवारणीचे तुषार वाऱ्याने वाफ्यांवर येतात याकडेही लक्ष हवे.

बागेमुळे अभ्यास बुडतो, ही पालकांची तक्रार ऐकून घेण्याजोगी असली तरी तिचा रोख बागेवर नव्हे, तर राबवून घेण्याच्या पद्धतीवर असावयास हवा. वर्ध्याच्या १९३७ मधील शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीम विचारात उत्पादक काम हेच शिकण्याचे माध्यम मानले होते. वाफ्याचे क्षेत्रफळ, रोपांमधील अंतर, उगवणीचा टक्का ही गणिते तेथेच सुटतात. निंदणी ही शिक्षा म्हणून दिली, किंवा मुलींकडे पाणी आणि झाडू एवढेच सोपविले, तर मात्र ते शिक्षण राहत नाही, आणि अशा वेळी पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत आक्षेप घेतलाच पाहिजे.

परसबाग स्पर्धांत वाफ्यांची मांडणी आणि फलकांची सजावट पाहिली जाते, त्याला हरकत नाही. तथापि मुलांच्या आहाराच्या दृष्टीने नोंदवहीत तीन रकाने अधिक उपयोगाचे आहेत : बागेतील भाजी ताटात किती दिवस आली, त्या दिवशी ताटांत किती भाजी उरली, आणि किती मुलांनी बी किंवा रोप घरी नेऊन लावले.