मुठेच्या गाळात साठलेली जनुकं

टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांच्या साखळीतून सुटलेली मुठा पुण्याच्या वेशीवर येते तेव्हा बऱ्यापैकी नदीसारखी दिसते. पुढे तिला नाले मिळतात, आंबिल ओढा मिळतो, नागझरी मिळते आणि संगमावर मुळेला भेटेपर्यंत तिचं काय झालंय हे पुणेकरांना नाकानेच कळतं. नाकाला कळणार नाही अशी एक गोष्ट २०१७ साली ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात छापून आली. नचिकेत मराठे, स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातले योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुठेच्या तळाचा गाळ तपासला होता. प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक्सना, दाद न देण्याची ताकद जिवाणूंना ज्या जनुकांमुळे येते, त्यांचं प्रमाण शहरातल्या गाळात वरच्या अंगाच्या गाळापेक्षा ३० पट निघालं.

गाळातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. म्हणून या संशोधकांनी गाळातला सगळा डीएनए एकत्र काढला, त्याचे कोट्यवधी तुकडे वाचले आणि त्यात ओळखीची प्रतिरोधक जनुकं शोधली. एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारी १७५ प्रकारची जनुकं हाती लागली. त्यांत एनडीएम होतं, केपीसी होतं, ओक्सा-४८ होतं. ही नावं अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना झोप लागू देत नाहीत. बाकीची औषधं हरल्यावर मेरोपेनेमसारखी जी औषधं काढली जातात, त्यांचेच ही जनुकं तुकडे करवतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या रुग्णालयांत धुमाकूळ घालणाऱ्या जिवाणू-कुळाचा वाटा काही नमुन्यांत तब्बल २९ टक्क्यांपर्यंत गेला होता.

गाळात जनुक सापडलं म्हणजे नदीकाठी उभा राहणारा आजारी पडणार, असं मात्र नाही. जनुक कोणत्या जिवाणूत आहे, तो जिवंत आहे का, माणसाला रोग देणारा आहे का, हे या पद्धतीने थेट कळत नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. पुष्कळशी प्रतिरोधक जनुकं प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर बसलेली असतात. शेजारणीने शेजारणीला पाककृतीची चिठ्ठी द्यावी, तशी एक जिवाणू दुसऱ्याला त्या कड्याची नक्कल देतो, आणि दोघांची जात एकच असावी लागते असंही नाही. एकेका प्लास्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं एकत्र बसलेली असू शकतात. मैलापाण्यात पोटातले, रुग्णालयातले आणि मातीतले जिवाणू दाटीवाटीने एकत्र येतात. देवाणघेवाणीला आणखी काय हवं?

प्रतिरोध ही जिवाणूंची जुनीच विद्या आहे. कॅनडातल्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही अशी जनुकं सापडली आहेत. आपण फक्त ती विद्या फोफावेल अशी परिस्थिती करून दिली.

पण ही जनुकं नदीत आली कुठून? गोळीतल्या औषधाचा बराच भाग न बदलता लघवीतून आणि विष्ठेतून बाहेर पडतो. त्यामुळे सांडपाण्यातल्या औषधामुळेच प्रतिरोधक जिवाणू तिथे माजत असतील, असा अनेकांचा अंदाज होता. लार्सन यांच्याच गटाने २०१९ साली तो पडताळून पाहिला. माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर जगणारा क्रासफेज नावाचा एक विषाणू आहे. तो जिथे जास्त, तिथे मानवी विष्ठा जास्त. तपासलेल्या बहुतेक ठिकाणी प्रतिरोधक जनुकांचं प्रमाण या विषाणूच्या प्रमाणाबरोबर चढलं-उतरलं. म्हणजे जनुकं बहुतांशी नदीत जन्मत नाहीत, ती आपल्या पोटातून तयार होऊन येतात. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून उपायही स्वस्त होतो. नदीतल्या औषधाचे रेणू टिपणारं महागडं यंत्र आणण्याआधी मैला नदीत जाऊ न देणं पुरेसं मोठं काम आहे.

याला ठळक अपवाद औषध कारखान्यांचा. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे सुमारे ९० औषध उत्पादकांचं सांडपाणी घेणारं एक सामाईक शुद्धीकरण केंद्र होतं. त्यातून ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लार्सन यांना २००७ साली सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडलं, दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतकं नसतं. तिथे नदीच जिवाणूंची तालीम झाली होती, आणि तिथला उपाय कारखान्याच्या नळाशीच करायला हवा. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये अशा सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढलाही. २०२१ साली अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. औषधनिर्मितीचं केंद्र म्हणून मिरवणाऱ्या देशाला हे शोभत नाही.

पुण्याचा प्रश्न मात्र नाल्याचा आणि गटाराचा आहे. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं सेंद्रिय घाण आणि तरंगता गाळ काढायला बांधलेली असतात, जनुकं मोजायला नाहीत. तरीही त्यांत पुष्कळसे जिवाणू कमी होतात. त्यातला मोठा भाग केंद्राच्या गाळात जाऊन बसतो, म्हणून तो गाळ न मुरवता शेतात टाकणं धोक्याचं. पण जे पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, त्याचं काय? जपानच्या कर्जातून ११ नवी केंद्रं उभारायचा करार २०१६ च्या जानेवारीत झाला आणि पुढची कित्येक वर्षं तो कागदावरच रेंगाळला. तेवढ्या काळात मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळत राहिलं, भीमेतून उजनीत जात राहिलं.

गोळ्यांचा कोर्स, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या दुकानातली शिस्त, हे सगळं आपण ऐकून आहोत आणि ते खरंही आहे. त्यात एक भर घाला. पुढच्या वेळी प्रभागातला उमेदवार दारात आला की त्याला विचारा: आपल्या भागातला नाला कोणत्या शुद्धीकरण केंद्राला जोडला आहे, आणि जोडला नसेल तर कधी जोडणार?