शब्दांचा क्रम बदला, अर्थ तोच!

बंगळुरूमध्ये यशवंतपूरच्या उत्तरेला, हेसरघट्ट्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं ‘आयसीटीएस’ केंद्र आहे. त्याचे संस्थापक-संचालक स्पेन्टा वाडिया. मॅट्रिक्स मॉडेलमधलं १९८० चं ‘ग्रॉस-विटन-वाडिया’ अवस्थांतर त्यांच्याच नावाचं. आता ही मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेले आकडे, चक्क भाषेतही शिरली आहेत, आणि ते फार सुंदर आहे!

संगणकीय भाषाशास्त्रात ‘घोडा’ हा शब्द म्हणजे आकड्यांची एक यादी: सोबत कोणते शब्द किती वेळा येतात याची. ‘काळा’ हे विशेषण म्हणजे त्या यादीला बदलणारं मॅट्रिक्स. कर्ता आणि कर्म दोन्ही मागणाऱ्या ‘खाणे’सारख्या क्रियापदाला तीन निर्देशांकांचा टेन्सर लागतो.

पण सोबतचे शब्द कोणत्या क्रमाने मांडायचे? दहाच शब्द घेतले तरी ३६,२८,८०० क्रम होतात. अर्थाला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून क्रम बदलूनही न बदलणाऱ्या राशीच महत्त्वाच्या. मॅट्रिक्सच्या अशा एकघाती राशी फक्त दोन: कर्णावरची बेरीज आणि सगळ्या आकड्यांची बेरीज. द्विघाती ११, त्रिघाती ५२.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले संजय रामगुलाम, दिमित्रिओस कार्टसाक्लिस आणि मेहरनूश सद्रझादेह यांनी २०१७ मध्ये मजकुरातून तयार केलेली अशी मॅट्रिक्स तपासली. अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांसाठी भौतिकशास्त्रज्ञ विग्नरने १९५० च्या दशकात यादृच्छिक मॅट्रिक्स वापरली, त्याच परंपरेतलं हे काम. भाषेतली मॅट्रिक्सही साध्या गाऊसीय (घंटेच्या आकाराच्या वितरणाच्या) मॉडेलच्या बरीच जवळ निघाली! २०१८ मध्ये रामगुलाम यांनी १३ प्राचलांचं पूर्ण गाऊसीय मॉडेल सोडवलं.

तीन ओळी-तीन स्तंभांचं मॅट्रिक्स घ्या, दोन्हींचा क्रम सारखाच बदला आणि त्या दोन बेरजा ताडून बघाच.